बिनबोलाचं कडवं

ती ओळ इतक्या बारीक अक्षरांत छापलेली होती की पहिल्या खेपेला सुभद्रेच्या नजरेतून ती निसटलीच. एक तर तिचे हात केळ्यांनी चिकट झाले होते. कारखान्याच्या सत्यनारायणाचा शिरा म्हणजे काही घरचा शिरा नव्हे. औषध भरण्याच्या खात्यातल्या चाळीस बायका सकाळपासून आवारातल्या कडुनिंबाखाली बसून केळी सोलत होत्या, आणि एरवी तोंडाला फडकं बांधून काम करणाऱ्या त्या बायका आज एकमेकींची उघडी तोंडं बघून उगाचच हसत होत्या. त्यात हिंदुराव आले. हिंदुराव म्हणजे चिंचवडातले लाउडस्पीकरवाले. लग्न असो, जत्रा असो, पुढाऱ्याची सभा असो, झाडाला कर्णा बांधायचा तो यांनीच. लाल कापडी पाठीचा पुठ्ठ्याचा आल्बम त्यांनी तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "घ्या ताई. काल सांजच्याला पुण्यावरनं आला. तुमच्या आधी उघडला न्हाई बगा, आईशप्पत." उघडलेला होताच. आतल्या पाकिटावर त्यांच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला होता, पण सुभद्रेने तो पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिने हात पदराला पुसले, दोन्ही तबकड्या कडेने धरून एकेक करून बाहेर काढल्या. दोन तबकड्या, चार बाजू, चार गाणी. पिंपळे सौदागरच्या शाळेत चौथी इयत्ता झालेल्या बाईला वाचायला तो मजकूर अवघड नव्हता: गीत, चाल आणि गायन – सुभद्राबाई. कुणी बोलावलं नव्हतं, कुठल्या कंपनीने निवडलं नव्हतं, नात्यागोत्यात कुणी गाणारं नव्हतं, आणि तरी छापलं होतं. पहिल्या बाजूवर तेच, दुसरीवर तेच, तिसरीवर तेच. चौथीवरही तेच होतं, म्हणून ती तबकडी पाकिटात सरकवणार, तेवढ्यात मधल्या भोकाला जवळजवळ चिकटून छापलेली ती ओळ तिला दिसली. शब्दसाहाय्य – उद्धवराव. 

तिने ती तबकडी उन्हात तिरकी धरली, जणू काळ्या रेषांत बघून आतलं काही कळणार होतं. उद्धवराव हे पुण्यातल्या त्या रेकॉर्डिंगच्या खोलीचे मालक. दीड महिन्यापूर्वी तिथेच ही चारही गाणी झाली होती. तीन एकेकदा, आणि हे चौथं दोनदा. पहिल्यांदा तिच्या मनाप्रमाणे, म्हणजे मधल्या कडव्यात शब्द नाहीत, तोंड मिटून नुसतं गुणगुणणं. दुसऱ्यांदा उद्धवरावांच्या मनाप्रमाणे, म्हणजे त्याच कडव्यात त्यांनी उभ्या उभ्या रचलेल्या दोन ओळी. निघताना तिने बजावून सांगितलं होतं की पहिलंच ठेवायचं, आणि त्यांनीही मान हलवली होती. आता त्या मान हलवण्याचा अर्थ काय होता ते या तबकडीत होतं आणि तिला ते डोळ्यांनी वाचता येत नव्हतं. रविवारी हिंदुराव त्यांचं रेकॉर्ड वाजवायचं मशीन घेऊन पिंपळे सौदागरला येणार होते, तिच्या धाकट्या बहिणीला, अंबूला, ऐकवायला. अंबू जन्मतः नव्हे, पण वर्षाची असताना देवीच्या आजारात आंधळी झालेली. चौथं गाणं अंबूचं होतं. त्या मधल्या कडव्यात अंबूच्या तोंडी उद्धवरावांचे शब्द असले तर रविवारी अंबूसमोर कोणत्या तोंडाने बसायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तो एवढासा नव्हता.

"लावू का मग?" हिंदुरावांनी विचारलं. कथा झाली होती, आरती झाली होती, साहेब तीर्थ घेऊन त्यांच्या खोलीत गेले होते आणि शिरा अजून परातीत वाफाळत होता. म्हणजे मोकळा वेळ होता, आणि बायकांनी ऐकलं होतं. "आगं, सुभद्राची रेकॉर्ड आली," असं एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला सांगत ते पार गेटाजवळच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलंही होतं. नको म्हणता आलं असतं. केळी व्हायची आहेत म्हणता आलं असतं. पण संशय पोटात घेऊन बसणं सुभद्रेच्या स्वभावात नव्हतं. लहानपणी दात हलायला लागला की दोरा बांधून स्वतःच हिसडा देणारी ती. "लावा," ती म्हणाली. "पहिल्यापासनं लावा. मधलं काय सोडू नका." आणि ती पुन्हा केळी सोलायला बसली. हिंदुरावांनी टेबलावरच्या मशीनला नवी सुई बसवली, आवाजाचं बटण हळूच पिळलं, कर्ण्यात थोडी खरखर झाली आणि त्या खरखरीतून, कडुनिंबाच्या वरच्या फांदीवरून, तिचाच आवाज खाली आला.

भोंगा झाला, भोंगा झाला, भाकर राहिली तव्यावर, एक चप्पल पायात माझ्या, दुसरी राहिली उंबऱ्यावर. पहिल्याच ओळीला बायका खिदळल्या. एकीने खरंच आपल्या पायांकडे पाहिलं. सुभद्रेला मात्र क्षणभर तो आवाज आपला वाटेना. घरात, न्हाणीत, नदीवर तिने स्वतःचा आवाज ऐकला होता तो आतून, हाडांतून. हा बाहेरून येत होता, जरा पातळ, जरा नाकातला, पण ठाम. ही बाई कोण ते ठाऊक नाही, पण हिला काय म्हणायचंय ते हिला ठाऊक आहे, असं तिला वाटलं आणि बरं वाटलं. पंचावन्न साली हा कारखाना उभा राहिला तेव्हा ती पहिल्या तुकडीत लागली. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटल्या इथे भरत. भरण्याच्या खोलीत शिरायचं म्हणजे केस बांधायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे, पांढरा झगा चढवायचा आणि नाकातोंडावर फडकं बांधायचं, की मग आठ तास बोलायचं नाही. बोललं की तोंडातलं काय काय बाटलीत जातं म्हणे. ते खरंच असेल; सुभद्रेची त्याबद्दल तक्रार नव्हती. औषध डोळ्यांचं होतं, आणि डोळ्यांच्या बाबतीत कुणी हयगय केलेली तिला चालणार नव्हती. पण चाळीस बायका आणि अख्खी पाळी मुकी म्हणजे काही गंमत नाही. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, आपण मडक्यात बसलोय. दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की तोंड मिटून, फडक्याआड, गुणगुणता येतं. ओठ हलत नाहीत, गाल हलत नाहीत, दिसतात ते डोळे, आणि ते बाटलीवर असतात. मग ती गुणगुणू लागली. तेही सारं गाणं नाही, एकच तुकडा, खालून वर चढणारा आणि वर गेल्यावर तिथेच थांबून राहणारा. पुन्हा पुन्हा तोच.

खात्याची सुपरवायझर सावित्रीबाई, पन्नाशीची, चष्म्यातून बघणारी, कडक बाई. ती टेबलांच्या रांगांमधून फिरायची आणि एकदम थबकायची. "कोण गं ते?" कुणी बोलत नसे. बोलायचं नाही हा नियम खुद्द सावित्रीबाईचाच, तेव्हा उत्तर तरी कोण देणार. ती डाव्या रांगेकडे गेली की सुभद्रा गप्प होई, आणि मग गंमत अशी की उजव्या रांगेतून तोच तुकडा दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून येई. सावित्रीबाई तिकडे वळली की तिसरीकडून. कुणी ठरवलं नव्हतं. भरण्याच्या खोलीत जसा औषधाचा वास अंगाला लागे तसा तो तुकडा सगळ्यांना लागला होता. तो कुणाचा, कुठून आला, हे कुणी कधी विचारलं नाही, आणि सुट्टी झाल्यावर फडकी सोडली की कुणाला तो आठवतही नसे. दोन वर्षं सावित्रीबाईने शोध घेतला. तिला सापडलं नाही, असं सगळ्या समजत होत्या.

हिंदुरावांनी बाजू उलटली, सुई बदलली. प्रत्येक बाजूला नवी सुई, हा त्यांचा नेम. जुन्या सुईने रेकॉर्ड झिजते म्हणायचे, आणि हे सांगताना आपणच गायलोय असा त्यांचा चेहरा असे. साऱ्या गाड्यांना हिरवं निशाण, मलाच का हो तांबडं? हे गाणं लागलं आणि बायकांनी सुभद्रेला कोपरांनी ढोसायला सुरुवात केली, कारण तिचा नवरा अर्जुनराव दापोडीजवळ रेल्वेच्या फाटकावर होता हे सगळ्यांना माहीत. अर्जुनराव अबोल माणूस. गाणं केल्याचं त्याला सांगितलं तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "तांबडं दावतो ते गाडी येती म्हनून. तुला काय राग हाय म्हनून न्हाई." पुढचे चार दिवस मात्र ती फाटकातून जाताना तो हिरवं निशाण उभं धरून सरळ समोर बघत राहायचा, आणि मालगाडीचा ड्रायव्हर गोंधळून शिटी वाजवायचा. याच अर्जुनरावाने, पुण्याला जायचं का नको म्हणून ती अडखळत होती तेव्हा, कोनाड्यातला स्वतःचा पुसलेला कंदील बघत म्हटलं होतं, "जा की. तुझं तूच गायचं, दुसरं कोन गानार." तेवढंच. सुभद्रेला आता त्याची फार आठवण आली. तो इथे असता तर त्या ओळीचं काय ते तिने त्याला विचारलं असतं, आणि त्याने बहुधा काहीच सांगितलं नसतं, पण न सांगता बरोबर उभा राहिला असता.

पुण्यातली ती खोली बोळाच्या टोकाला होती. भिंतींना घोंगड्या ठोकलेल्या, खिडकीत गादी कोंबलेली. बाहेरचा टांगा ऐकू येऊ नये म्हणून. उद्धवराव पांढऱ्या स्वच्छ धोतरातले, पेटी उत्तम वाजवणारे, वागायला गोड. वाईट माणूस नव्हे, हे सुभद्रेने स्वतःशी तेव्हाही म्हटलं होतं आणि आता, ती ओळ वाचल्यावरही, तिला ते खोडावंसं वाटलं नाही. तिला त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, पहिली तीन गाणी झाल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही शिकला कुठे?" "कुटं न्हाई." "मग चाली?" "माज्याच." "आणि शब्द?" "त्ये बी माजेच की. दुसऱ्याचे घेऊन काय करू?" ते हसले, पेटीचा भाता दाबून धरत म्हणाले, "शब्द एकाचे, चाल एकाची, गळा तिसऱ्याचा, अशी आमच्याकडची रीत. तुमचं म्हणजे एकखांबी तंबू." चौथ्या गाण्याच्या वेळी मात्र त्यांचं हसू गेलं. मधलं कडवं आलं, सुभद्रेने तोंड मिटलं, आणि गुणगुणणं येईना. दोनदा प्रयत्न केला. समोर डब्यासारखा मायक्रोफोन, उघडं तोंड, उघडे गाल. तिला लाजल्यासारखं झालं. दोन वर्षं ते कडवं फडक्याआड राहिलेलं. शेवटी नकळत तिचा हात वर गेला, पदर नाकातोंडावर आला, आणि पदराआडून तो तुकडा सुरेख, सरळ, वर चढत गेला. यंत्रावरचा माणूस काचेमागून हात हलवत राहिला. "पदर काढा बाई," उद्धवराव म्हणाले. "यंत्राला पदरातलं ऐकू जात नाही. आणि ऐकू गेलं तरी लोक म्हणतील, रेकॉर्ड बिघडलेली आहे. कडवं आहे तर शब्द हवेत." "हे कडवं बिनबोलाचंच हाय, साहेब." "असं कडवं नसतं." त्यांनी कागद घेतला आणि चहा निवायच्या आत दोन ओळी लिहून दिल्या. "नमुन्यादाखल एकदा म्हणून तर बघा. तुमचंच ठेवू, हे असू द्या बाजूला."

आणि तिने म्हटलं. हेच तिला आता केळ्याची साल ओढताना टोचत होतं. नाही म्हणता आलं असतं. त्या ओळी वाचूनच तिला कळलं होतं की या अंबूच्या नव्हेत. पण मायक्रोफोन समोर होता, सूर लागलेला होता, आणि गाणाऱ्याला कागद दिला की गळा स्वतःच उठतो. तिने त्या ओळी जीव लावून म्हटल्या. पडेल आवाजात म्हणायच्या होत्या, बेसूर म्हणायच्या होत्या, निदान एका ठिकाणी अडखळायचं होतं. तसं काही सुचलंच नाही. म्हणून झाल्यावर काचेमागच्या माणसाने टाळी वाजवली आणि तिलाही, देवाशपथ, आनंद झाला होता. तो आनंद तिने कुणालाही सांगितला नव्हता. अर्जुनरावालाही नाही.

दुसरी तबकडी. कर्ण्यातून कांद्याचं गाणं सुरू झालं. हसत गेली, रडत आली, कुणी पुसलं तर कांदा म्हणाली. चाकणच्या बाजाराला कांदा भरायला जाणाऱ्या बायका हे ऐकून काय म्हणतील याची सुभद्रेला एरवी उत्सुकता होती. आज तिचं लक्ष तिथे नव्हतं. सावित्रीबाईचं होतं. ती लांब, परातीजवळ, शिऱ्याच्या राखणीला उभी होती आणि चष्मा काढून पदराने पुसत होती. कुणी पाहिलंच असतं तर तीही कांदा म्हणाली असती. हे गाणं संपायला तीन मिनिटं. मग सुई, मग चौथं. सुभद्रेने सालं एका बाजूला सारली आणि मांडीवर हात ठेवून बसली, आणि तिच्या नकळत ती पवनेच्या काठी जाऊन बसली होती, तीस वर्षांमागे नव्हे, पंचवीस असतील, ती नऊ वर्षांची आणि अंबू सहाची. धुण्याच्या खडकावर दोघी पाय सोडून. अंबू विचारायची आणि सुभद्रेने सांगायचं. काय काय दिसतंय? म्हशी. किती? सात. त्यातली पाण्यात किती? पाच. दोन का न्हाईत? मला काय ठाव, त्यांला विचार. अंबू खरंच हाक मारून म्हशींना विचारायची. अंबूला दया आवडत नसे. शेजारची एक म्हातारी तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली होती, "लेकराच्या नशिबी अंधार गं." म्हातारी गेल्यावर अंबूने बहिणीला विचारलं, "अंधार म्हंजी काय?" सुभद्रेने सांगितलं, काही दिसत नाही तो अंधार. अंबूने जरा विचार केला. "मग तो तुला दिसतो. डोळे मिटलेस की तुला दिसतो. मला न्हाई दिसत. मला त्यो ठावंच न्हाई." मग एक दिवस, सगळं विचारून झाल्यावर, सुभद्रेने उलट विचारलं होतं, आता तू सांग, तुला काय दिसतं? अंबू चिडली नाही, उदासही झाली नाही. कुणी नेमकं विचारलं की माणूस शोधतो तसं तिने उत्तर शोधलं. आणि मग तोंड मिटून ती गुणगुणली. खालून वर चढत गेली आणि वर जाऊन थांबली, आणि बराच वेळ तिथेच राहिली. "हे," ती म्हणाली. सुभद्रेला तेव्हा काही कळलं नाही. अजूनही कळलं होतं असं नाही. पण तो तुकडा तिला आयुष्यभर पुरला.

हिंदुरावांनी बाजू उलटली, सुई बदलली, फुंकर मारली. सुभद्रा उठून उभी राहिली. सांग बाई, काय दिसतं पवनेच्या पल्याड? गुरं दिसतात, पोरं दिसतात, चिंचेचं झाड. बायका ऐकत होत्या. ही सुरुवातीची चाल त्यांच्या ओळखीची नव्हती. सांग बाई, काय दिसतं माझ्या तोंडावर? ऊन दिसतं, हसू दिसतं, पदराची किनार. सांगून झालं माझं सारं, तुझं सांग आता. इथे एक श्वास होता. तो श्वास सुभद्रेने ओळखला आणि तेवढ्यावरूनच तिला कळलं, कारण गुणगुणण्याआधी माणूस नाकाने श्वास घेतो आणि हा तोंडाने घेतलेला होता. अंधाराच्या गावी माझा दिवस मावळे, देवाने गे हिरावले दोन्ही हे डोळे. स्वच्छ, स्पष्ट, भरल्या गळ्याने, तिनेच म्हटलेलं.  रविवारी अंबू खडकासारखी ताठ बसून हे ऐकेल आणि शेवटी हसून म्हणेल, बरं म्हटलंस गं; आणि ते बरं म्हटलंस म्हणजे काय ते दोघींनाच कळेल. सुभद्रा टेबलाकडे चालू लागली. सुई उचलायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. चार पावलं गेली असेल, आणि थांबली.

मागून आवाज येत होता. पहिल्यांदा कडुनिंबाच्या बुंध्याजवळून, मग टाकीकडून, मग सगळीकडून. बायका गुणगुणत होत्या. शब्द कर्ण्यातून पडत होते, पण चाल तीच होती, खालून वर चढणारी, आणि ती चाल त्यांच्या गळ्यांना दोन वर्षांच्या सवयीची होती. ती आली की तोंड मिटायचं, एवढंच त्यांना माहीत. त्यांची तोंडं आज उघडी होती, फडकं नव्हतं, कुणी मनाई केलेली नव्हती, तरी मिटलीच. हात केळी सोलत होते आणि डोळे केळ्यांवर होते. काही जणींना आपण गुणगुणतोय याचा पत्ताही नव्हता. चाळीस जणींच्या त्या आवाजात उद्धवरावांचा अंधार ऐकू येत होता, नाही असं नाही, पण बाजारात कुणी लांबून हाक मारावी तसा. सुभद्रेने वळून पाहिलं. परातीजवळ सावित्रीबाई उभी होती, हातात झारा, चष्मा जागेवर, ओठ घट्ट मिटलेले, आणि गळा हलत होता.

गाणं संपलं. सुई आतल्या रेघेत कर्रकर्र फिरत राहिली. सावित्रीबाई झारा घेऊन तशीच चालत आली आणि सुभद्रेसमोर उभी राहिली. "ह्यात बोल कुनी घातले गं?" तिने विचारलं. "ह्याला बोल न्हवते."

"तुमाला कसं ठाव?"

"मला ठाव न्हाई तर कुनाला? पैल्याच दिवशी कळलं मला, ती तू हायेस ते. तुजे डोळे बाटलीवर असायचे पर कान लांबवर कुटंतरी." सावित्रीबाईने झारा दुसऱ्या हातात घेतला. "धरलं असतं तर तू बंद झाली असतीस. मग आट तास कसे जायचे? माजे बी आट तासच असतात की."

सुभद्रेला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. तिने दोन्ही होऊ दिलं. दोन वर्षं ती बाई रांगांमधून शोधत फिरली होती ती कुणी सापडू नये म्हणून, आणि आपण मोठ्या हुशारीने लपत होतो. मग तिच्या मनात एकदम सगळं मोकळं झालं. पदराआडचं तिचं गुणगुणणं जरी या तबकडीवर आलं असतं तरी ते तिचंच असतं, अंबूचं नव्हे. आपण अंबूचं कडवं उद्धवरावांना देऊन बसलो म्हणून रडत होतो, आणि त्याआधी ते आपण स्वतःच घेऊन बसलो होतो, हे काही लक्षात आलं नव्हतं. ती टेबलाजवळ गेली. हिंदुराव तबकडी पुसून पाकिटात घालणार होते.

"भाऊ, ठेवा. परत लावा हेच गानं."

"लावतो की. पब्लिकला लई आवडलं बगा."

"आवाजाचं बटन कोनचं?"

त्यांनी दाखवलं. "'तुझं सांग आता' म्हनते मी," सुभद्रा म्हणाली, "त्याच्यावर हे पार पिळायचं. आवाज बंद. दोन ओळी जाऊ द्यायच्या. मग पैल्यासारकं सोडायचं."

हिंदुरावांचा चेहरा पडला. आयुष्यभर त्यांनी आवाज वाढवला होता. मुद्दाम बंद करायला त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. "ताई, रेकॉर्ड तुमची. पन मदी आवाज ग्येला तर लोक माज्या मशीनला नावं ठेवतील."

"न्हाई ठेवत. लावा तुमी."

"आन् ह्ये हितं छापलंय, उद्धवराव म्हनून? त्यांला कळलं तर?"

सुभद्रेने त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. नखाने खरवडून काढता आली असती. "राहू द्या. बोल त्यांचेच हायेत, नाव त्यांचंच पायजे. त्यांचे त्यांच्यापाशी." हे बोलताना तिला जराही कडू वाटलं नाही. पुढच्या खेपेला, आणि पुढची खेप होणार होती यात तिला शंका नव्हती, ती कागद हातात घेणारच नव्हती.

हिंदुरावांनी नवी सुई लावली. गुरं आली, पोरं आली, चिंचेचं झाड आलं. ऊन आलं, हसू आलं, पदराची किनार आली. सांगून झालं माझं सारं, तुझं सांग आता. हिंदुरावांनी, जणू स्वतःचाच कान पिळतोय अशा चेहऱ्याने, बटण पिळलं. कर्णा मुका झाला. क्षणभर आवारात नुसतं ऊन होतं आणि रस्त्यावरून मुंबईकडे जाणारी एक मोटार. मग कडुनिंबाखालून ते उठलं, चाळीस मिटल्या तोंडांचं, खालून वर चढत गेलं, आणि वर जाऊन थांबलं. सावित्रीबाईचा सूर सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत चुकीचा होता. सुभद्रेने मात्र म्हटलं नाही. तिने नुसता मोजून श्वास घेतला. हिंदुरावांनी बटण सोडलं, शेवटची ओळ कर्ण्यातून नेमकी जागेवर आली आणि गाणं पुरं झालं.

"जमलं की वो," हिंदुराव आपल्याच बोटांकडे बघत म्हणाले.

"रविवारी पिंपळ्याला मशीन घेऊन येताय न्हवं?"

"येतो म्हनलंय म्हंजी येतो."

"तितं बी आसंच बटन पिळायचं, भाऊ. बरोबर त्याच जागी."

"पन ताई, तितं ह्या बायका कुटं असनारेत? मोकळी जागा राहील ती."

"राहू द्या," सुभद्रा म्हणाली आणि उरलेली केळी सोलायला बसली. "तितं म्हननारी हाय."